सोलर दिव्याचा इतिहास पॅनेलपासूनच सुरू करायचा का?

सौरऊर्जेवरचा एखादा प्रबंध उघडून बघा. पहिलं प्रकरण बहुतेक वेळा एकाच पद्धतीने सुरू होतं. १८३९ मध्ये एडमंड बेकरेल, १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्सचा सेलेनियमचा सेल, १९५४ मध्ये बेल लॅब्ज, त्यानंतर पॅनेलच्या किमती घसरल्याचा आलेख, आणि मग थेट खेड्यातल्या मुलीच्या वहीवर पडलेला एलईडीचा उजेड. वाचताना वाटतं की पॅनेल स्वस्त होत गेलं आणि एके दिवशी सोलर दिवा आपोआप तयार झाला.

यातली एकही तारीख चुकीची नाही. पण कारण चुकीच्या जागी दाखवलेलं आहे, असं माझं मत आहे. सोलर दिव्यात तीन गोष्टी असतात: पॅनेल, बॅटरी आणि प्रत्यक्ष दिवा. यातली कुठली गोष्ट अडून बसली होती आणि ती कधी सुटली, हा खरा प्रश्न. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात की गाईड तुम्हाला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतील: "हे आत्ताच का? वीस वर्षांपूर्वी का नाही झालं?" त्याचं उत्तर तारखांच्या माळेतून मिळत नाही. थोडा हिशोब करावा लागतो.

आधी बेल लॅब्जचं बघू, कारण तिथे एक तपशील नेहमी सुटतो. डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी २५ एप्रिल १९५४ रोजी सिलिकॉनचा सेल जगापुढे मांडला. कार्यक्षमता साधारण ६ टक्के. पण चॅपिन या कामात पडले ते घरांना वीज देण्यासाठी नव्हे. दमट, उष्ण भागांतल्या दूरध्वनी यंत्रणेत कोरडे सेल लवकर खराब होत, त्याला पर्याय शोधणं हे त्यांचं काम होतं. म्हणजे ग्रिडपासून दूरची, थोड्याशा विजेची गरज ही या तंत्रज्ञानाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे. घराच्या विजेचा हिशोबही चॅपिन यांनी केला होता. एक वॅटच्या सेलला २८६ डॉलर, म्हणजे एका घरापुरती वीज हवी तर सुमारे १४ लाख ३० हजार डॉलर. विषय तिथेच संपला. सेल गेले खेळण्यांमध्ये, रेडिओंमध्ये आणि १९५८ पासून उपग्रहांवर.

जमिनीवर सोलर पॅनेलने दिवा लावण्याचं काम नियमितपणे सुरू झालं ते समुद्राच्या काठाने. जपानमध्ये शार्प कंपनीने १९६६ साली ओगामी बेटावरच्या दीपगृहावर २२५ वॅटचं पॅनेल बसवलं. तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं मानलं जात होतं! अमेरिकेत १९७३ च्या सुमारास इलियट बर्मन यांनी एक्सॉनच्या पैशावर सोलर पॉवर कॉर्पोरेशन उभी केली, इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या वापरल्या आणि किंमत वॅटमागे १०० डॉलरवरून २० डॉलरपर्यंत खाली आणली. त्यांचा माल गेला मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर, तिथल्या इशाऱ्याच्या दिव्यांसाठी.

हे दिवे परवडले याचं कारण फक्त तेल कंपन्यांकडे पैसा होता एवढंच नाही. इशाऱ्याचा दिवा उघडझाप करतो. दर काही सेकंदांनी एक क्षण पेटतो आणि उरलेला वेळ बंद असतो. म्हणजे सरासरी भार फार कमी. भार कमी म्हणून बॅटरी लहान, बॅटरी लहान म्हणून पॅनेल लहान. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ याच्यावरच आहे. अडचण एवढीच की उघडझाप करणाऱ्या दिव्याखाली कुणी अभ्यास करू शकत नाही.

दहा वॅटचं पॅनेल आणि अडीच किलोची बॅटरी

भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये सोलर सेल आणि १९७८ मध्ये पॅनेल बनवलं. पुढे सरकारी योजनांमधून जो सोलर कंदील आला, त्याचं मोजमाप वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. १० वॅटचं पॅनेल, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी आणि ७ वॅटचा सीएफएल. वयाने थोडे मोठे असाल तर हा कंदील तुम्ही पाहिलाही असेल: वर पांढरं झाकण, मध्ये नळी, खाली जड बूड.

आता हिशोब करू. ७ वॅटचा दिवा रोज ४ तास, म्हणजे २८ वॅट-अवर. बॅटरीत १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-अवर. साधारण तीन दिवसांचा साठा, ढगाळ हवेसाठी. पॅनेल दिवसाला ५ तास पूर्ण उन्हात आहे असं धरलं तर ५० वॅट-अवर देईल. त्यातून उष्णता, धूळ आणि बॅटरीतलं नुकसान वजा केलं की तीसेक उरतात. कागदावर जेमतेम जमतं. तेव्हाच्या अभियंत्यांनी काही गाढवपणा केला होता असं मुळीच नाही. उलट मोजमाप अगदी चोख आहे.

पण लेड-अॅसिड बॅटरीची एक खोड आहे. गॅस्टन प्लांटेने १८५९ साली तिचा शोध लावला तेव्हापासून ती तशीच आहे. रिकामी ठेवलेली तिला चालत नाही. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि धारणशक्ती कायमची कमी होते. आता एक घर डोळ्यांसमोर आणा. आठवडाभर पाऊस आहे, पॅनेल नीट चार्ज करत नाहीये, घरच्यांना दिवा तर हवाच आहे. बॅटरी रोज तळाला जाते. दोन पावसाळे झाले की कंदील कोपऱ्यात. नवी बॅटरी तालुक्याच्या गावी मिळणार, तिचे पैसे वेगळे, आणि ते पैसे योजनेत धरलेले नसतात. म्हणून "सोलर टिकत नाही" असं लोक म्हणायला लागले. खरं तर पॅनेलला काहीच झालेलं नसायचं.

बंगळुरूची सेल्को ही कंपनी १९९५ पासून हरीश हांडे यांनी चालवली. त्यांनी बँकेचं कर्ज आणि विक्रीनंतरची सेवा यांवर जोर दिला आणि म्हणून ती टिकली. (हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.) पण लक्षात घ्या, त्यांनी उत्तर शोधलं ते व्यवस्थेत. वस्तूतली अडचण तशीच होती.

याच काळात आपल्याकडे फलटणला अगदी वेगळा विचार चालू होता. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात 'नूरी' नावाचा रॉकेलचा सुधारित कंदील तयार केला. गॅसबत्तीसारखं मॅन्टल, पण वारंवार पंप मारायची कटकट नाही, आणि उजेड १०० वॅटच्या बल्बच्या जवळपास. सोलरच्या इतिहासात नूरीचा उल्लेख सहसा येत नाही, कारण ती "हरलेली" वाट आहे. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. गावातल्या माणसाला भरपूर उजेड हवा असतो, मिणमिणता नको, हा त्यामागचा आग्रह होता आणि तो चुकीचा नव्हता. लिटरेचर रिव्ह्यू करताना जिंकलेल्या तंत्रज्ञानाचेच पेपर वाचले तर असे आग्रह नजरेतूनच सुटतात.

पांढरा एलईडी

इथे गोष्ट वळते. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये लाल एलईडी बनवला. पुढची तीस वर्षं एलईडी म्हणजे यंत्रावरचा लाल-हिरवा ठिपका. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा, आणि निळ्यासाठी गॅलियम नायट्राइडसारखा हट्टी पदार्थ. जपानमध्ये इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी १९८९ मध्ये त्यातला पी-प्रकारचा थर साधला आणि निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी आणला. १९९६ मध्ये निचियाने त्या निळ्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप दिला. निळा अधिक पिवळा, डोळ्याला पांढरा. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं, तेव्हा ग्रिडबाहेरच्या दीड अब्ज लोकांचा उल्लेखही नोबेल समितीने केला होता.

पण हे संशोधन त्या दीड अब्ज लोकांसाठी झालं होतं का? नाही. त्या लोकांना जोडणारा माणूस दुसराच होता. कॅल्गरी विद्यापीठातले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्ह अर्व्हिन-हॅलिडे १९९७ मध्ये नेपाळला गेले होते. अन्नपूर्णेच्या वाटेवर त्यांनी एका शाळेत डोकावून बघितलं, तर वर्गात अंधार. त्यांचा स्वतःचा विषय प्रकाश-इलेक्ट्रॉनिक्स, म्हणून एलईडी डोक्यात आले. बाजारात होते ते एलईडी जोडून पांढरा उजेड करायचा प्रयत्न जमला नाही. मग निचियाचा पांढरा एलईडी सापडला. २००० साली नेपाळमधल्या काही गावांत घराघरांत असे दिवे लागले.

आता एक गंमत. या पहिल्या गावांत वीज फक्त सोलर पॅनेलमधून येत नव्हती. पायडल मारून चालवायचे जनित्र होते, ओढ्यावरची छोटी जलविद्युत होती. ऊर्जेचा स्रोत कुठलाही चालत होता, कारण भारच इतका उतरला होता.

इथे कुणीतरी हरकत घ्यायला हवी, आणि मुलाखतीत घेतलीच जाईल. पहिल्या पांढऱ्या एलईडीची कार्यक्षमता वॅटमागे जेमतेम ५ ल्युमेन होती. २००० च्या आसपास ती १५ ते २५ झाली. सीएफएल तर तेव्हाच ५० च्या वर होता! मग कमी कार्यक्षम दिवा जिंकला कसा?

दोन कारणं. एक, सीएफएल पाव वॅटचा करता येत नाही. नळी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यासाठी सर्किट लागतं, आणि एका मर्यादेखाली तो सगळा प्रपंच परवडत नाही. एलईडी मात्र ०.०७ वॅटवर निवांत चालतो: २० मिलिअँपिअर, साडेतीन व्होल्ट. दोन, एलईडी एका दिशेला प्रकाश टाकतो. याचाही हिशोब करू. रॉकेलची चिमणी सगळीकडे मिळून १० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देते. तो गोलभर पसरतो, म्हणजे कुठल्याही एका दिशेला साधारण ०.८ कँडेला. अर्ध्या मीटरवर वही असेल तर वहीवर पडतात ३ लक्स. एकच एलईडी, एकूण प्रकाश दीडदोन ल्युमेन, पण समोरच्या अरुंद झोतात ५ कँडेला असतील तर त्याच वहीवर २० लक्स. एकूण प्रकाश पाचपट कमी आणि वहीवरचा उजेड सहापट जास्त!

सीएफएल आणि एलईडीची तुलना "वॅटमागे ल्युमेन" या मापाने केली तर हा इतिहास उलटाच दिसतो. माप बदललं, "वहीवर किती लक्स आणि त्याला किती वॅट" असं विचारलं, की कोडं सुटतं. तुमच्या विषयात सगळे जे माप वापरतात ते कुणी आणि कशासाठी ठरवलं होतं, हे एकदा जरूर तपासा.

रॉकेलचंही बघून घ्या. चिमणी तासाला १० मिलिलिटर रॉकेल जाळते असं धरलं तर साडेतीनशे किलोज्यूल, म्हणजे सतत शंभरेक वॅट. त्यातून प्रकाश १० ल्युमेन. वॅटमागे ०.१! लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे इव्हान मिल्स यांनी २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये हाच मुद्दा जगाच्या पातळीवर मांडला. इंधन जाळून उजेड करण्यावर लोक वर्षाला सुमारे ३,८०० कोटी डॉलर खर्च करतात, आणि तो उजेड सगळ्यात महाग व सगळ्यात वाईट असतो. या क्षेत्रात काम करायचं असेल तर हा छोटासा लेख आधी वाचा, तो अजूनही सगळीकडे उद्धृत होतो.

आता जुन्या कंदिलाचं गणित परत मांडा. दिवा ७ वॅटऐवजी १ वॅट. ४ तासांना ४ वॅट-अवर. पॅनेल दीड वॅटचं पुरतं, हातावर मावेल एवढं. बॅटरीला अडीच किलोचं लेड-अॅसिड नको, पेन्सिल सेलच्या आकाराचे दोन-चार रिचार्जेबल सेल पुरतात. आणि हे सगळं पॅनेलच्या किमती कोसळण्याच्या आधीचं आहे. २००० च्या सुमारास पॅनेल वॅटमागे पाच डॉलरच्या घरात होतं, डॉलरच्या खाली गेलं ते २०१० नंतर. त्या घसरणीने दिवे आणखी स्वस्त झाले, यात शंका नाही. पण कोंडी फुटली ती दिव्याच्या बाजूने.

१.२ व्होल्ट आणि ३ व्होल्ट

लहान बॅटरी आली तशी एक नवी अडचण आली. निकेल-कॅडमियमचा सेल वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये बनवला होता, निकेल-मेटल हायड्राइडचा १९८९ मध्ये बाजारात आला. दोन्हींचं व्होल्टेज १.२. पांढऱ्या एलईडीला लागतात ३ च्या आसपास. तीन सेल एकापुढे एक जोडले तर चालतं, पण त्यातला एक कमजोर पडला की बाकीचे त्याला उलटा चार्ज करून मारतात. स्वस्त उत्तर म्हणजे एकच सेल आणि एक बूस्टर सर्किट: छोटी कॉइल, वेगाने उघडबंद होणारा ट्रान्झिस्टर, आणि कॉइलच्या झटक्याने वाढलेलं व्होल्टेज.

बागेत जमिनीत रोवायचे छोटे सोलर दिवे मिळतात ना, एखादा उघडून बघा. आत चार पायांची एक चिप असते, शेजारी एक कॉइल, एक सेल. बस. अंधार ओळखायला वेगळा सेन्सर नसतो. पॅनेलचं व्होल्टेज उतरलं की चिप समजते की रात्र झाली. पॅनेल हाच डोळा. प्रयोगशाळेत मोजायला हा फार छान नमुना आहे. समजा २ व्होल्टचं पॅनेल ८० मिलिअँपिअर देतं, ५ तासांत ४०० मिलिअँपिअर-अवर. चार्ज होताना ३० टक्के वाया, उरले २८०. गुणिले १.२ व्होल्ट, म्हणजे ३३६ मिलिवॅट-अवर. बूस्टरची कार्यक्षमता ७५ टक्के धरा, एलईडीपर्यंत पोचले सुमारे २५०. एलईडी १० मिलिअँपिअरवर ३० मिलिवॅट खातो. म्हणजे आठ तास, जवळजवळ पूर्ण रात्र. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या दिव्यातले स्वतः मोजा. एमएस्सीच्या प्रोजेक्टला पुरेल एवढं त्यात आहे.

कॅडमियम विषारी. युरोपियन युनियनने २००६ च्या निर्देशाने घरगुती छोट्या बॅटऱ्यांमधून ते जवळजवळ हद्दपार केलं आणि दिव्यांमध्ये निकेल-मेटल हायड्राइड आलं. मग टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९६-९७ मध्ये पुढे आणलेलं लिथियम आयर्न फॉस्फेट. त्याचं व्होल्टेज ३.२, म्हणजे पांढऱ्या एलईडीला लागतं जवळपास तेवढंच. बूस्टरच गळून पडला. एक सेल, एक रेझिस्टर किंवा साधं नियंत्रण, आणि एलईडी. हा पदार्थ शोधणाऱ्यांच्या मनात एलईडी नव्हता आणि एलईडीवाल्यांच्या मनात हा पदार्थ नव्हता. दोन वेगळ्या विषयांतल्या गोष्टी निव्वळ योगायोगाने जुळल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये नेड टोझुन आणि सॅम गोल्डमन यांनी डी.लाइट ही कंपनी काढली, त्यांचा 'किरण' दिवा दहा डॉलरच्या आसपास विकला गेला. त्याच वर्षी जागतिक बँक गटाचा 'लायटिंग आफ्रिका' कार्यक्रम सुरू झाला आणि दिव्यांच्या चाचण्यांचे निकष ठरले. त्याची गरज होतीच, कारण भिकार दिवे बाजारात ओतले जात होते. २००८ मध्ये टेरीने 'लायटिंग अ बिलियन लाइव्ह्ज' सुरू केलं. आयआयटी मुंबईत चेतनसिंग सोलंकी यांच्या पुढाकाराने दहा लाख विद्यार्थ्यांना सोलर दिवे देण्याचा प्रकल्प झाला. विद्यार्थ्याला दिवा १२० रुपयांत, आणि जुळणी, विक्री, दुरुस्ती त्या-त्या भागातल्या लोकांकडून. महाराष्ट्रातले विद्यार्थीही त्यात होते. दुरुस्ती गावातच होणं हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण जुना कंदील मेला होता तो तिथेच.

स्वस्त दिव्यांनी एक किंमत मात्र गुपचूप मोजली. जुन्या कंदिलात तीन दिवसांचा साठा होता. नव्या छोट्या दिव्यांत बहुधा एकाच रात्रीचा असतो. आषाढात सलग चार दिवस आभाळ भरलेलं असलं की दिवा मंद पडतो, आणि कोपऱ्यातली चिमणी परत पेटते.

या दिव्यांनी नेमकं काय बदललं, हे तपासणारे अभ्यास उशिरा आले. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यात ८१ वस्त्यांमधल्या १,२८१ घरांवर एक यादृच्छिक प्रयोग झाला. काही वस्त्यांना सोलर मायक्रोग्रिडवरचे एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंग देऊ केलं, काहींना नाही. मिखाएल आक्लिन, योहानेस उर्पेलाइनेन आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१७ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये आला. काळ्या बाजारातल्या रॉकेलवरचा खर्च कमी झाला. पण बचत, घरचा एकूण खर्च, नवे धंदे, कामाचे तास किंवा मुलांच्या अभ्यासाचा वेळ यांवर ठोस परिणाम दिसला नाही. दुसरीकडे, २०१२ मध्ये निकोलस लॅम, कर्क स्मिथ आणि इतरांनी दाखवलं होतं की वातीच्या साध्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के वस्तुमान काजळी होऊन हवेत जातं. ती काजळी आधी घरातल्यांच्या फुप्फुसात जाते.

म्हणजे मुलगी दिव्यामुळे जास्त तास अभ्यास करते, हे बाराबंकीच्या आकड्यांत दिसलं नाही. ती जेवढा वेळ वहीसमोर बसते तेवढा वेळ नाकासमोर धूर नसतो, हे लॅम यांच्या आकड्यांवरून म्हणता येतं. प्रकल्पांच्या पत्रकांवर अजूनही पहिलं वाक्यच छापलं जातं.